आईचे सोडे आणि सरांचे उंदीर

ते उंदीर कधी आजारी पडलेच नव्हते.

हे मला कळलं तोवर आईची बोटं पार वाकली होती.

आई हर्णैची. जन्मभर मासळी विकली, कोलंबी सोलून सोडे वाळवले. आमवाताने धरलं तरी सोलायची थांबली नाही.

मी पुण्यात लॅबमध्ये. उंदरांना मुद्दाम हाच आजार द्यायचा, मग औषध द्यायचं, पंज्यांची सूज मोजायची. माझं काम फक्त मोजायचं. कुठल्या पिंजऱ्याला काय दिलंय, हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. नियमच आहे तो.

एका पिंजऱ्यातले पंजे सुजलेच नाहीत.

सर म्हणाले, "हाच आपला औषधवाला ग्रुप!"

मी अक्षरशः नाचले. लगेच आईला फोन.

"खरं सांगतेस गो? मग मला कधी देणार तुझे साहेब?"

सरांनी स्वतः व्हिडिओ कॉलवर तिचे हात पाहिले. म्हणाले, "काकू, थोडं थांबा. आता फार दिवस नाहीत."

आणि ती थांबली. दापोलीचे डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणून कानीकपाळी ओरडत होते. हिचं आपलं एकच, "नको. माझ्या पोरीचं औषध येतंय."

दर मे महिन्यात सरांना सोड्यांची पिशवी. त्याच हातांनी सोललेले.

मी विचारत राहिले, पुढे काय झालं सर? एकदा चहा पिताना सहज बोलून गेले, "अगं, त्या उंदरांना आजार द्यायच्या आधीपासूनच औषध चालू होतं. सूज आल्यावर ज्यांना दिलं, त्यांना काही फरक पडला नाही. तो ग्रुप आपण रिपोर्टमध्ये दाखवत नाही ना."

आपण!

माझी आई आधीच सुजलेली होती, सर. तुम्हाला दिसत होतं. माझं डोकं असं सणकलं की कप तिथेच आपटला.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगो, मग मला थांबा कशाला म्हणाले ते?"

इंजेक्शनं सुरू केली, पण वाकलेली बोटं काही सरळ झाली नाहीत. शेवटी शेवटी पाण्याचा तांब्याही मीच तोंडाला लावायचे.

आज सकाळी आई गेली.

लॅबच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आलाय. "भावपूर्ण श्रद्धांजली. काकूंच्या सोड्यांची चव कायम लक्षात राहील."

लाज नाही वाटली?

आई, यंदाची पिशवी फळीवरच आहे. ती कुठेही जाणार नाही.

तू मात्र जा. आता कोणी सांगितलं तरी थांबू नकोस.