कवायतीच्या मास्तरांचा वर्ग

लोहाऱ्याच्या शाळेत मी हिशेब शिकवायचो. शेजारच्या वर्गात कवायतीचे मास्तर पोरांना डोळे मिटून बसवायचे. "श्वास घ्या. लई हळू सोडा," एवढंच ते म्हणत, तेही थांबत थांबत. मग पोरांच्या फडक्यातली भाकर बघत. "नुसती चटणी न्हाय चालत. संगं मोडाची मटकी आना." त्यांना बायको-मुलं नव्हती आणि गावात त्यांच्याकडं कुणी जात नसे.

रझाकारांच्या धास्तीनं माणसं निजामाची सरहद्द ओलांडून बार्शीकडं निघाली, तसा त्यांचा वर्ग रोडावत गेला. एका सकाळी तिथं कुणीच आलं नाही. तरी आतून आवाज आला, "श्वास घ्या." मी डोकावलो. रिकाम्या तरटांसमोर ते डोळे मिटून बसले होते. मी गुपचूप एका तरटावर जाऊन बसलो. त्यांनी डोळे उघडून मला न्याहाळलं.

"पाठीत वाकलात मास्तर. ताठ बसा."

बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसलो. उठताना त्यांनी विचारलं, "उद्या येताल न्हवं?"

त्या दुपारी आमचीही गाडी बार्शीला निघायची होती. "येतो," मी म्हणालो, आणि घरी जाऊन जुंपलेले बैल सोडायला सांगितले.