देवीच्या फळीमागची गळती

दादा घरीच अचानक गेला तेव्हा आमची बोट पावसाळ्यासाठी दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि ही जुनी लाकडी बोट त्याचीच. गेल्या हंगामापासून तिची डिझेलची टाकी आपोआप उतरायची. तळाशी तेलकट पाणी नेहमीचंच, त्यामुळे गळती कुठे ते कळेना. बोईसरच्या मिस्त्रीने नट आवळले, नळ्या बदलल्या, "अब कुछ नहीं होगा" म्हणून गेला, तरी टाकी उतरतच राहिली. वहिनीने सुतकातच मला बजावलं, "गळती सापडल्याबिगर बोट पाण्यात घालायची नाय. एक गेला, तेवढं बास झालं." बोटीशिवाय आमच्या दोन्ही घरांना दुसरा आधार नव्हता.

खरं सांगतो, त्या दिवसांत देवीचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं. इंजिनाच्या खणात एका फळीवर तिची लहानशी मूर्ती होती. मशीन चालू करण्याआधी दादा तिच्यापुढे दिवा लावायचा, धूप घालायचा. एक दिवस चुकला नाही. तरी तिने त्याला नेलं. मग कशाला करायचं हे सगळं, असं मनात यायचं, आणि त्या मनाचीच भीती वाटायची.

सुतकात देवाला शिवायचं नाही, धूपदिवा बंद. अशातच एका दुपारी मी बोटीत साचलेलं पावसाचं पाणी उपसायला उतरलो आणि डिझेलचा ताजा भपकारा नाकात शिरला. एरवी त्या खणात धुपापुढे दुसरा वास टिकायचाच नाही. हुंगत हुंगत गेलो तो देवीच्या फळीपाशी येऊन थांबलो. ती फळी दादाने मिस्त्रीलाही कधी हलवू दिली नव्हती, आणि आता सुतकामुळे मला तिला हात लावता येत नव्हता. मी तिथेच मटकन बसलो आणि रडलो.

तेवढ्यात खडकांवरची कालवं काढून एक बाई परतत होती. चिंचणीची, लेकीकडे आलेली, हे मला नंतर कळलं. तिने डोकावून काय झालं विचारलं, मी सांगितलं. तिला आमचं सुतक नव्हतं; टोपली खाली ठेवून, हात धुऊन ती वर चढली. मूर्ती पदरात घेतली आणि शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "आई, जरा सरक. तुज्या मागं काय हाय ते याला बघू दे."

मी फळी काढली. तिचा एक खिळा मागच्या तांब्याच्या नळीला घासून घासून भोक पडलं होतं. थेंब थेंब डिझेल फळीच्याच लाकडात मुरत होतं, आणि त्याच फळीवर दादाचा दिवा जळायचा. डिझेल लगेच भडकत नाही खरं, पण भिजल्या लाकडाने पेट घेतला असता तर भर समुद्रात कोण वाचणार होतं? सुतक फिटेपर्यंत मूर्ती त्या बाईने लेकीच्या घरी नेऊन ठेवली.

नवी नळी बसवली, फळी दुसऱ्या बाजूला ठोकली, टाकी उतरायची थांबली. वहिनीला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे रोज तीच त्याला घरी धाडत होती. आपल्याला कळलाच नाय." दादा गेल्यापासून ती तेव्हा पहिल्यांदा मोकळी रडली.

दादा का गेला, ते मला अजून कळलेलं नाही. कळेल असंही वाटत नाही. पण तो जितक्या वेळा घरी परतला, ते प्रत्येक परतणं देवीने दिलेलं होतं, एवढं मी आता मानतो. दिवा घरीच लावून निघतो, बोटीत नुसते हात जोडतो, पुढचं तिच्यावर सोपवतो आणि दोर सोडतो.