नांदगिरीच्या गुहेतलं दर्शन

अण्णांच्या हृदयात दोन स्टेंट बसल्यावर माझ्या भावानं फर्मान काढलं, यापुढं जिना नाही, चढ तर नाहीच नाही. अण्णा म्हणजे आमचे वडील, सांगलीजवळच्या गावात जन्मभर ऊस पिकवलेले जैन शेतकरी. त्यांनी गुमान मान डोलावली आणि काही दिवसांनी माझ्याकडं साताऱ्याला राहायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "त्यो नांदगिरीचा गड हितनं किती लांब?"

मला काय ते कळलं. कोरेगावच्या वाटेला असलेल्या या गडाला कल्याणगडही म्हणतात. त्याच्या पोटात एक पाण्याची गुहा आहे आणि गुहेच्या टोकाला पार्श्वनाथाची मूर्ती. अण्णांच्या आईला ते दर्शन घ्यायचं होतं, ते राहूनच गेलं. आता अण्णांचंही राहणार, अशी चिन्हं होती. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बसत बसत, हळूहळू चढू द्या. भावाला मात्र मी ताकास तूर लागू दिली नाही.

थंडीचे दिवस होते. गावात गाडी लावून आम्ही उजाडताच चढायला लागलो. निम्म्या वाटेवर अण्णा एका दगडावर टेकले. ओठ सुकले होते. मी पाण्याची बाटली पुढं केली, तर त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"दर्शन झाल्याबिगर पाणी न्हाई. नियम घेतलाय."

"आणि सकाळची गोळी?"

"कोरडीच गिळली."

मी संतापले. आमच्यात नियम घ्यायला कुणाला विचारावं लागत नाही, पण एकदा घेतला की मोडायला देवाचीसुद्धा परवानगी चालत नाही. हे माहीत असूनही मी आवाज चढवला. म्हटलं, तुम्हाला काही झालं तर भावाला मी काय तोंड दाखवू? मी घाबरले होते, म्हणून जास्तच बोलत होते.

तेवढ्यात खालून एक गृहस्थ वर आले. फौजेतून निवृत्त झालेले, गावातलेच. हातात तेलाची बाटली आणि पिशवीत झेंडूची फुलं. ते म्हणाले, "ताई, वरडल्यानं चढ कमी हुतो व्हय?" मग अण्णांशेजारी बसून म्हणाले, "आवं काका, घाई कशाला? आपुन आराम से जाऊ. देव कुटं पळून जात न्हाई."

तिथून पुढं अण्णांचा एक हात त्यांच्या खांद्यावर आणि एक माझ्या. अण्णा धापा टाकायला लागले की ते थांबायचे आणि आपल्यालाच दम लागल्यासारखं करून गडाची गोष्ट काढायचे. "शिलाहारांनी बांधला म्हणत्यात. मंग आदिलशाही आली, मंग आपलं राज्य, मंग पंतप्रतिनिधी, शेवटाला इंग्रज. दरवाजावरचं निशाण बदलत गेलं. आतल्या देवाला कुणी हात लावला न्हाई."

"दिवा कोण लावतं?" मी विचारलं.

"ज्येला जमंल त्यो. आत तुमचा पार्श्वनाथ हाय, शेजारी आमचा दत्त. तेल एकाच बाटलीतलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. साताऱ्यात राहून मी या गडाकडं बसमधून कितीदा बघितलं असेल. आमच्या देवाची देखभाल कोण करतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. या माणसांचे उपकार कसे फेडायचे, ते मला आजही कळत नाही.

पहिल्या दरवाजातून आत गेल्यावर पायऱ्या उतरल्या की गुहेचं तोंड लागतं. फौजींनी न सांगता कमरेचा चामडी पट्टा काढून बाहेर ठेवला. "तुमच्यातली मानसं येत्यात. देवाफुडं चामडं चालत न्हाई, म्हायती हाय," म्हणाले. आत पाणी मांडीपर्यंत, बर्फासारखं गार. कठड्याला धरून अण्णा एकेक पाऊल टाकत होते आणि मी त्यांच्या श्वासाकडं कान लावून चालले होते. टोकाला पोचल्यावर फौजींनी दिवा लावला. उजेडात मूर्ती दिसली. अण्णांनी हात जोडले आणि ते पुटपुटायला लागले. बराच वेळ त्यांचं बोलणं संपेना.

बाहेर उन्हात आल्यावर त्यांनी बाटलीतलं पाणी पोटभर प्यायलं, उरलेलं फौजींना दिलं. चेहऱ्यावर रंग आला. मग मला चेष्टा सुचली.

"एवढा वेळ काय मागत होता, अण्णा?"

"त्येच्याकडं मागायचं नसतंय. त्यो वीतराग. त्यो कुणाला काय देत न्हाई, कुणाचं काय घेत न्हाई. एवढंबी शिकीवलं न्हाई व्हय तुला?"

"मग काय चाललं होतं?"

अण्णा ओलं धोतर पिळत होते. वर न बघताच म्हणाले, "सांगत हुतो त्येला. म्हटलं, माझ्या आईला कुणी आणलं न्हाई. मला लेकीनं आणलं."

मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा 'बरं' म्हणून शेतावर निघून गेलेला हा माणूस. मी पायऱ्यांवर बसून मनसोक्त रडले, आणि फौजी पट्टा बांधत दुसरीकडं बघत राहिले.