रोज सकाळी शून्य

‘आधी काटा शून्यावर आणा’ असं कुणी म्हटलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण ही अक्कल मीच पाजळली होती.

सत्तरच्या दशकात दौंडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी नवा इंजिनिअर होतो. साखर कारखान्यांचे अवजड रोलर तिथे दुरुस्तीला येत आणि डोक्यावर आडव्या लोखंडी तुळईवरून, म्हणजे गर्डरवरून, धावणारी क्रेन ते उचलत असे. क्रेन चालवायचे न्हावरे गावचे एक वयस्क गृहस्थ; सगळे त्यांना मामा म्हणत. एक दिवस ते शिडी उतरून सरळ मालकांपुढे उभे राहिले.

“गर्डर वाकतोय. आधी वजन उतरवलं की त्यो वर यायचा, आता न्हाई येत. खाली मानसं असत्यात. मी न्हाई उचलायचो.”

मालकांनी मोजणी माझ्यावर सोपवली आणि तोवर मामांना काम करायला लावलं. मी हरखलोच. कॉलेजात शिकलेले स्ट्रेन गेज वापरायला मिळणार होते! नखाएवढा तुकडा, त्यात नागमोडी बारीक तार. तो गर्डरच्या पोटाला चिकटवायचा. लोखंड ताणलं की तार ताणते, तिच्यातून जाताना वीज जरा जास्त अडते आणि खालच्या पेटीवरचा काटा हलतो. उन्हाने लोखंड फुगून फसगत नको म्हणून दुसरा गेज मी सुट्या लोखंडी पट्टीवर लावला. इतका मी हुशार.

पंधरा दिवस रोज सकाळी, क्रेन रिकामी असताना, मी बटण फिरवून काटा शून्यावर आणायचो. सरांनी तसंच शिकवलं होतं. मग रोलर उचलला की आकडा लिहायचो. आकडा रोज जवळपास तोच. मी अहवाल दिला : गर्डर ठणठणीत.

मामांनी तरीही नकार दिला. “मशिनपेक्षा तुला जास्त कळतं होय रे?” मालक सगळ्यांदेखत ओरडले आणि त्यांनी मामांना घरी बसवलं. वयाने एवढ्या मोठ्या माणसाला अरेतुरे! मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं.

आठवड्याने वही चाळताना समासाकडे लक्ष गेलं. रोज बटण कितीवर थांबलं, तेही मी लिहून ठेवलं होतं. ते रोज एकाच बाजूला थोडं पुढे सरकत होतं. गर्डर रोज थोडा वाकत होता आणि मी गाढव रोज सकाळी ते पुसून टाकत होतो.

मामांच्या जागी दुसराच माणूस क्रेन चालवत होता; मी धावत जाऊन ती थांबवली. वर चढून रंग खरवडला, तर वेल्डिंगपाशी बोटभर चीर. मालकांनी ती गुपचूप दुरुस्त करून घेतली आणि माझ्या हातात एक कागद दिला. हुकूम मोडल्याबद्दल मामांनी माफी लिहून दिली, तर त्यांना परत घेणार म्हणे!

तो कागद घेऊन मी एसटीने न्हावऱ्याला गेलो, याची मला अजून शरम वाटते. मामा कांद्याला पाणी देत होते. त्यांनी कागद शांतपणे वाचला.

“माफी मी मागायची व्हय, साहेब?”

मी कागद उलटा केला आणि तिथेच बांधावर बसून माझी माफी लिहून दिली. त्यांनी ती घडी घालून टोपीत ठेवली. कामावर मात्र ते कधी आले नाहीत, आणि ‘या’ म्हणायला मला तोंड नव्हतं.