बोरीत मेंढीची तात वाजली

माझ्याकडे दोन व्हायोलिनं आहेत आणि पोट दोन्हींवर चालतं. नव्याला पोलादी तारा. जुन्याची घडण तीनशे वर्षांपूर्वीची. त्याच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या, गज हलका, आवाज मऊ. पुण्यात हे जुनं ऐकायला लोक तिकीट काढतात. मला मात्र ते माझ्या गावी, बोरीत वाजवायचं होतं, मेंढरं राखून मला वाढवणाऱ्या आबांसमोर. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं.

आबांनी मला वाचायला शिकवलं ते समतेच्या चळवळीच्या पत्रकांवरून. त्यामुळे कार्यक्रमाचं पत्रक मीच लिहिलं: ‘तिकीट नाही. राखीव खुर्च्या नाहीत. सत्कार नाहीत.’

सत्कार झालेच. मी दोन्ही वाद्यं सुरात लावून मंचावर ठेवली होती. संयोजकांनी तासभर भाषणं केली, शाली आणि नारळ वाटले. माझ्याही खांद्यावर शाल आली. मी ती काढून खुर्चीवर टाकली. रागानेच.

नव्या व्हायोलिनला टाळ्या मिळाल्या. मग जुनं उचललं, तर पहिलाच सूर वाकडा. मांडवाच्या फटीतून त्यावर तासभर ऊन पडत होतं. एक तार लावावी, तर दुसरी ढळे.

मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, वाजवायलीस का नुसते कान पिळायलीस?”

मांडव हसला. दोघंतिघं उठून निघाले. मी पुन्हा खुंटी पिळली.

तेवढ्यात आबा उभे राहिले. “बसा रे! मेंढीची तात हाय ती. कापूस पिंजाया पिंजारी कमानीला लावायचा, तीच. घंटाभर उन्हात ठिवल्यावर काय व्हईल? भाषणं तुमी केली अन् हसता तिला?”

“आपल्या मेंढीची?” पुढची एक म्हातारी उठून आली. तिने बोटाने तार चाचपली. “आगं, खरंच की! लय गोड वळलीया.”

निघालेले परत फिरले. मी मंच सोडून त्यांच्यात सतरंजीवर बसले आणि निवांत तारा लावल्या. खुंटी पिळतानाही आता कुणी हसलं नाही.

आबांनी खुर्चीवरची शाल उचलली. “तुला नको ना? मग हिला देऊ.” त्यांनी ती दोन्ही हातांनी व्हायोलिनवर सावलीसारखी धरली. त्या सावलीत मी वाजवलं. हात अवघडले तरी त्यांनी शाल खाली घेतली नाही, आणि लोकांनी तीनदा “आणखी” म्हणून मला उठू दिलं नाही.

सत्कारांना माझा विरोध आजही आहे. ती शाल मात्र जुन्या व्हायोलिनच्या पेटीत असते.