पाटलांच्या मोटारीचा हातब्रेक

मी बी. ए. झालो तेव्हा गावाला माझ्याकडून एकच काम हवं होतं. पाटलांची मोटार उतारावर उभी राहत नव्हती, ती उभी करायची.

दुसरी मोठी लढाई चालू होती. रिसोड-केनवड भागात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतली सर्वांत जुनी आमच्या पाटलांची. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. तिचा हातब्रेक आधीपासूनच नावाला होता. गिअरही झिजलेले; गिअरमध्ये घालून ठेवली तरी थोड्या वेळाने ती आपल्या मनाने सुटत असे. अकोल्याच्या कारागिराने सांगितलं, सामान विलायतेहून येतं, आणि सध्या विलायतेहून काहीच येत नाही.

म्हणून धोंडा होता. माझे वडील पाटलांकडे सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवरचे गडी होते. मोटार कुठे निघाली की वडील मागच्या सीटवर मांडीवर धोंडा घेऊन बसत. मोटार थांबली की आधी ते उडी मारून चाकाखाली धोंडा लावत आणि मग पाटील खाली उतरत. मंगरूळपीरला एका लग्नात कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "या पाटलाच्या मोटारीतून पयले धोंडा उतरते, मंग पाटील." मांडव हसला. वडीलही हसले. पाटील हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. माझ्या शिक्षणाचा सगळा भार त्यांनीच उचलला होता. सालदाराचा पोरगा अमरावतीच्या कॉलेजात धाडणारा दुसरा पाटील त्या भागात नव्हता. हे मी तेव्हाही विसरलो नव्हतो, आजही विसरलेलो नाही. माझा धाकटा भाऊ त्या वर्षी मॅट्रिक झाला होता आणि त्याच्याबद्दल पाटलांनी अजून काही म्हटलेलं नव्हतं.

"तू बीए झाला नं?"

"हो, पाटील."

"काय शिकला?"

"तत्त्वज्ञान."

"त्यात ब्रेक येते का?"

"नाही येत."

"मंग आता शीक. दसऱ्याले टेकडीवर सोनं लुटाले मोटार नेतो म्या. उभी राह्यली, तर तुह्या भावाचंही पाहू. नाई राह्यली, तर एक पोरगा शिकवून पाह्यला असं समजू."

मी रिसोडच्या लोहार मिस्त्रींकडे गेलो. ते मुसलमान वस्तीत बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवत. मोटार त्यांनी खालून कधी पाहिली नव्हती. आमच्या गावी येऊन अर्धा दिवस ते तिच्याखाली झोपून राहिले. मला वाटलं, झोप लागली. मग आतून आवाज आला.

"बाबू, चाकाले नको धरू. चाकाले फिरवणारा हा जो दांडा हाय नं, त्याले धर. बैलाची येसण धरली का शेपटीमागं पळा लागत नाई."

बेत त्यांचाच. दांड्यावर लोखंडी कडं चढवायचं. गाडीच्या चाकावर धाव चढवतात तसंच: कडं तापवून लाल करायचं, घालायचं, वरून पाणी ओतायचं, की ते आवळून बसतं. कड्याच्या दोन्ही बाजूंना बाभळीच्या लाकडाचे जबडे. पहारीच्या तुकड्याचा दांडका ओढला की जबड्यांनी कडं दाबायचं. दांडका पुन्हा खाली पडू नये म्हणून लोखंडी पट्टीला दाते. ते दाते मी घासले. सात दात्यांना चार दिवस लागले. मिस्त्री रोज येऊन पाहत आणि म्हणत, "वा. बीए दात पाडून राह्यला."

लाकूड लोखंडावर नुसतं घसरत होतं. मग मिस्त्रींनी फाटलेल्या मोटेचं जाड कातडं मागितलं. विहिरीचं पाणी उपसून उपसून ते दगडासारखं झालं होतं. ते जबड्यांना आतून ठोकलं. नाल्याच्या उतारावर मोटार उभी केली, आत चार माणसं बसवली. सकाळपासून दुपारपर्यंत ती हलली नाही. बसलेल्यांपैकी दोघे झोपले. पाटलांनी दांडका तीनदा ओढून पाहिला आणि काही न बोलता जेवायला गेले. आमच्याकडे याला शाबासकी म्हणत.

दसऱ्याला सगळं गाव टेकडीवर होतं. मोटारीला झेंडूच्या माळा. वडील पहिल्यांदाच मोकळ्या हातांनी मागे बसले होते आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. पाटलांनी चढावर मोटार थांबवली, दांडका सातव्या दात्यापर्यंत ओढला, इंजिन बंद केलं आणि सगळ्यांकडे पाहत उतरले. वडील उतरले. पाटील दहा पावलं गेले.

मोटार मागे निघाली. घाई नव्हती तिला. लोक बाजूला होत गेले, तिला वाट देत गेले. एक म्हातारी तर हात जोडून उभी राहिली. नाल्यापर्यंत मोटार सरळ गेली आणि मागच्या चाकांनी चिखलात बसली. कोणाला खरचटलंही नाही.

मी खाली घुसलो. दाते शाबूत, जबडे शाबूत. कातड्याला बोट लावलं तर बोट तेलकट झालं. कड्यावर हळदकुंकू होतं.

"तेल कोनं लावलं?" पाटलांनी वरून विचारलं.

वडील पुढे आले. "म्या लावलं, पाटील. काल खंडेनवमी होती. नांगर, वखर, विळे, समदे धुतले, तेल लावलं, पूजा केली. हे माह्या पोराच्या हातचं पयलं औजार. सनाच्या दिवशी त्याले कोरडं कसं ठेवू? दोन डाव लावलं. एरंडीचं."

मला वडिलांकडे पाहवेना.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "या एका वस्तूला तेल लावायचं नसतं हे मला ठाऊक होतं. मी घरात कोणाला सांगितलं नाही."

"काहून नाई सांगितलं?"

"त्यांना काय समजणार, असं वाटलं."

पाटलांनी चिखलातल्या मोटारीकडे पाहिलं. मग वडिलांना म्हणाले, "पाह्य रे, हा तत्त्वज्ञान शिकला."

"व्हय, पाटील," वडील अभिमानाने म्हणाले.

बैलजोडीने मोटार बाहेर काढली. मिस्त्रींनी नवं कातडं ठोकलं. त्यानंतर पाटील असेपर्यंत ती कुठल्याही उतारावर उभी राहिली. मी तपासून घेत असे. आठव्या दिवशी पाटलांनी भावाला बोलावून नागपूरला धाडायचं ठरवलं. मला म्हणाले, "त्याले यंत्राचं शिकू दे. तत्त्वज्ञान गावाले एक पुरं झालं."

भाऊ नागपूरला गेला आणि वकील झाला. पाटलांना हे सांगायचं काम वडिलांनी माझ्यावर सोपवलं.