चीर पडलेली फर्नेस

ऑरिन हॅल्व्हरसन तेवीस नंबरच्या जागेवर एकोणीस वर्षे राहिला. मी चोवीस नंबरवर. अमेरिकेत मोंटानातल्या, चाकांवरच्या घरांच्या या ट्रेलर-वस्तीत आमच्याइतके जुने दुसरे कोणी नाही. तो आणि त्याची बायको लव्होन निवृत्तीनंतर समुद्र पाहायला निघाले होते. इथे लव्होन आजारी पडली, वारली, आणि ऑरिन पुढे गेलाच नाही. मागेही गेला नाही.

त्याच्या ट्रेलरमधली फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, चौतीस वर्षांची होती. तिचा पंखा एका मोडीतल्या ट्रेलरचा, बटण दुसऱ्याचे. धान्याच्या कोठारात आयुष्यभर यंत्रे सांभाळलेला माणूस, त्यामुळे कुणाला हात लावू देत नसे. पण नऊ नोव्हेंबरला, पारा उणे अकरावर असताना, ती सारखी पेटून विझू लागली. त्याचे डोकेही आठवडाभर दुखत होते. मीच नादीनला फोन केला. ती गावोगाव फिरून ट्रेलर दुरुस्त करते.

नादीनने फर्नेस बाहेर ओढली आणि जाळ पेटतो त्या आतल्या पत्र्याच्या पेटीत आरसा आणि बॅटरी धरून पाहिले.

"ऑरिन, विषारी वायूचा भोंगा कुठे आहे तुमचा?"

"काढून ठेवलाय. रात्रंदिवस कोकलायचा, सासूबाईंसारखा."

"सासूबाई खरं बोलत होत्या. पेटीला बोटभर चीर आहे. धूर घरात येतोय. डोकं उगीच दुखत नाहीये तुमचं."

"मग वेल्डिंग करून दे."

"नाही करणार."

"चौतीस वर्षं मी हिला जगवलंय, नादीन."

"आणि आता ही तुम्हाला मारणार."

तिने गॅसचा नळ बंद केला आणि त्यावर लाल चिठ्ठी बांधली. नवी फर्नेस बसवता येईल, म्हणाली, पण ट्रेलरचा लाकडी तळ कुजला आहे. ट्रेलर शहरातल्या कारखान्यात नेऊन वर उचलावा लागेल.

ऑरिनने मान हलवून नकार दिला. का, ते मला कळले. आमच्या वस्तीत दहा वर्षांहून जुन्या ट्रेलरला प्रवेश नाही. आधीपासून उभे आहेत त्यांना कोणी हटवत नाही, पण एकदा चाके फाटकाबाहेर गेली की परत येताना तो ट्रेलर नवा आलेला धरतात.

मी त्याला घेऊन व्यवस्थापकाकडे गेले. क्लेटन भला माणूस आहे.

"ऑरिन, इथे उभा आहे तोवर मी तुझा ट्रेलर बघतच नाही. पण फाटकातून आत येताना मला बघावाच लागेल. वरच्यांनी कॅमेरा लावलाय तिथे."

"दोनच दिवस, क्लेटन."

"दोन तास असते तरी हेच सांगितलं असतं रे."

चार दिवस ऑरिनने विजेच्या छोट्या हीटरवर काढले. नळ गोठले. तो माझ्याकडून बादलीने पाणी नेई. पाचव्या दिवशी सकाळी तो कॉफीला आला, तेव्हा त्याच्या हातांवर काजळी होती.

"इथल्या कोठारातल्या एका दोस्ताकडून चीर सांधून आणली," तो म्हणाला. "आज बसवतो. खिडकी जरा उघडी ठेवीन."

"आणि झोपेत वाऱ्याने बंद झाली तर?"

"तर लव्होन जिथे आहे तिथे."

"असं बोलू नका, ऑरिन."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो."

मी विचार करायला वेळ मागायला हवा होता. पण मी लगेच म्हणाले, "न्या ट्रेलर. नवी बसवा."

सोळा तारखेला तो गेला. टायर जमिनीत रुतले होते. क्लेटनने स्वतः फावडे घेऊन ते मोकळे केले. एकवीस तारखेला तेवीस नंबरवर एक लांबलचक, चकचकीत ट्रेलर येऊन उभा राहिला. त्यात एक जोडपे आहे. दोघेही हात हलवतात.

ऑरिनला पन्नास मैलांवर, पशुखाद्याच्या एका बंद पडलेल्या दुकानामागे जागा मिळाली. आसपास वस्ती नाही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी डबाभर सूप घेऊन गेले. आत इतकी ऊब होती की मला कोट काढावा लागला.

"डोकं?" मी विचारले.

"मुळीच दुखत नाही." त्याने सूप गरम करायला ठेवले. "नादीनने झकास काम केलंय. तीस वर्षं बघायला नको, म्हणते."

"चांगलं झालं."

"हो." तो भांडे ढवळत राहिला. "तीस वर्षं. इथे."

मी म्हणाले, दर रविवारी येत जाईन. तो म्हणाला, बर्फात एवढ्या लांब येऊ नका. दोघेही मनापासून बोलत होतो. त्यानंतर मला दोनदाच जाणे जमले.